श्रमिकाचे प्रेत आणि विनोदाचे वर्तुळ

झॉम्बीची प्रतिमा ही मूलतः भुकेची नव्हे, तर श्रमाची आहे. हैतीच्या लोकसमजुतीतील झॉम्बी नरभक्षक नाही. मांत्रिकाने थडग्यातून उठवलेला हा मृत मालकाच्या आज्ञेने निमूट राबतो. उसाच्या मळ्यांवरील गुलामगिरी १८०४ च्या स्वातंत्र्याने संपली, तरी मृत्यूनंतरही दास्य सुटणार नाही हे तिच्यातून उपजलेले भय लोकमानसात टिकून राहिले. हैती अमेरिकेच्या लष्करी अमलाखाली (१९१५-३४) असतानाच हॉलिवूडने ही प्रतिमा उचलली, हा योगायोग नव्हे. ‘व्हाइट झॉम्बी’ (१९३२) मधील साखर कारखान्यात एक झॉम्बी यंत्रात कोसळतो. बाकीचे थबकतही नाहीत.

जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने (१९६८) झॉम्बीला नरभक्षक केले आणि मालकाला कथेतून वगळले. पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये चित्रित झालेल्या त्यांच्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये (१९७८) मृतांचे थवे जुन्या सवयीने बाजारपेठेकडे परततात. श्रमिक झॉम्बी आता ग्राहक झाला.

एडगर राइट यांचा ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४) या दोन्ही अर्थांच्या सांध्यावर उभा आहे. लंडनमधील विद्युत उपकरणांच्या दुकानात विक्रेता असलेला एकोणतीस वर्षांचा शॉन हा विक्रीच्या रंगमंचावरील श्रमिक होय. श्रेयनामावलीच्या दृश्यांत सुपरमार्केटच्या गल्ल्यावरील कामगारांचे हात एकाच तालात हलतात. साथ अजून पसरलेलीही नसते. पुढे रस्त्यात मृत वावरत असताना शॉन नेहमीच्या वाटेने कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतो आणि त्याला काहीच वेगळे जाणवत नाही. जिवंत आणि मृत यांतील भेद दैनंदिनीनेच पुसलेला असणे, हे येथील विनोदाचे मर्म आहे.

या चित्रपटाकडे केवळ उपभोगसंस्कृतीचे विडंबन म्हणून पाहिल्यास त्याचा शेवट निसटतो. संकट ओसरल्यावर उरलेल्या झॉम्बींना समाज कामाला जुंपतो. दूरचित्रवाणीवर ते सुपरमार्केटच्या ढकलगाड्या गोळा करताना दिसतात. प्रतिमेचे वर्तुळ येथे पूर्ण होते: झॉम्बी पुन्हा विनावेतन श्रमाकडे परततो. फरक एवढाच, की १९३२ च्या कारखान्याच्या मालकाला बेला लुगोसी यांचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्याचे भय वाटत असे. २००४ च्या मालकाला चेहराच नाही. ढकलगाड्या कोणासाठी गोळा होतात हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. त्याचे उत्तर मात्र प्रेक्षकगृहात बसलेले असते. ग्राहक म्हणून त्याच ढकलगाड्या वापरणारा प्रेक्षक हसतो, आणि रिकाम्या राहिलेल्या मालकाच्या जागी त्याच्या नकळत जाऊन बसतो. भयपटाने जे दास्य असह्य म्हणून दाखवले, ते प्रहसनाने सोयीचे करून दाखवले. हे हसू विडंबनाचे की संमतीचे, याचा निर्णय झाल्यावाचून या चित्रप्रकाराचे मूल्यमापन अपुरेच राहील.