घामाचा हिशेब

नरडाण्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बेटावदनंतर अमळनेर लागते. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या तिथल्या शाळेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक होते. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी अंग कमावले होते. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि प्राणायाम करणारा प्राणवायू किती घेतो, कार्बन डायऑक्साइड किती सोडतो, हे मोजून १९३३ मध्ये छापले. तालमीत तयार झालेल्या माणसाला मोजमापाचा हा ध्यास लागावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

पण श्वास कशासाठी मोजायचा? शरीरात अन्न जळते ते प्राणवायूमुळे. एक लिटर प्राणवायू खर्ची पडला की साधारण पाच कॅलरी खर्च झाल्या असे धरतात. ही वाट दाखवली फ्रान्सच्या लाव्हाझिएने. १७९० च्या सुमारास त्याने आपला सहकारी सेगँ यालाच वजन उचलायला लावले. उपाशीपोटी स्वस्थ असताना सेगँला जेवढा प्राणवायू लागे, त्याच्या अडीचपट आणि वर थोडा जास्तच वजन उचलताना लागला. श्रमाचे हे पहिले मोजमाप वजन उचलण्याचेच होते!

आता आपल्या बैठकांचे पाहू. साठ किलोचा माणूस दर बैठकीला आपले शरीर अर्धा मीटर वर उचलतो. शंभर बैठकांचे हे काम भरते जेमतेम सात कॅलरी. स्नायू मात्र त्याच्या पाचपट जाळतात, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. खाली बसण्याचा खर्च धरून चाळीस म्हणा. कळण्याच्या मध्यम भाकरीत दोनशेच्या आसपास असतात. म्हणजे शंभर बैठका झाल्या, भाकरीचा पाचवा हिस्सा जिरला!

हा झाला अंदाज, आणि ताकदीच्या व्यायामात अंदाजच फसवा. मल्लखांबावर स्थिर राहिलेल्या पोराचे ‘काम’ भौतिकशास्त्राच्या लेखी शून्य, पण त्याचे दंड भरून येतात. जोर मारताना स्नायू काही काळ प्राणवायू उधारीवर ठेवतात आणि ती उधारी थांबल्यावर धापा टाकत फेडतात. मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोके मोजून आकडा सांगते. वजन उचलताना ठोके वाढतात, पण प्राणवायू त्या मानाने वाढत नाही. म्हणून तो आकडा फार मनावर घेऊ नये.

तालमीत आकडा चुकला तर फारसे बिघडत नाही. १८७७ च्या दुष्काळात मात्र बिघडले. सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास इलाख्यात दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे ठरवले. एक पौंड धान्य म्हणजे सुमारे सोळाशे कॅलरी. जड काम करणाऱ्या पुरुषाला आज साडेतीन हजारांच्या आसपास लागतात असे मानतात. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले, म्हणजे खानदेशही त्यांच्या अमलाखाली आला. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या शिध्याला कडाडून विरोध केला. कॅलरीचे कोष्टक तेव्हा त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी मजुरांची वाळलेली शरीरे पाहिली होती. काही महिन्यांतच मद्रास सरकारला मजुरी वाढवावी लागली.