गणवेश आणि समवस्त्र

आपल्या सीमाभागात शाळेच्या कपड्यांना दोन नावं आहेत. मराठी शाळेत गणवेश, कन्नड शाळेत समवस्त्र. गणवेश म्हणजे गणाचा, समूहाचा वेश. ही मुलगी आपल्यातली आहे, एवढं तो सांगतो. समवस्त्र त्याच्या एक पाऊल पुढं जातं; इथं बसलेल्या सगळ्या सारख्या, असं म्हणतं. आपल्या कानाला तर त्या शब्दात समवसरणाची आठवण होते, जिथं तीर्थंकरांचा उपदेश ऐकायला देव, माणसं आणि पशूसुद्धा येऊन बसतात. बेळगाव-निपाणीच्या बायकांना हे दोन्ही शब्द कळतात. म्हणून गणवेशाचा अभिमान बाळगायचा तो नेमका कशाचा, हे आपणच एकदा विचारून बघावं.

पूर्वी बाईच्या अंगावरचं कापड ती कोणाची आहे हे सांगायचं. परकर-पोलक्यातली म्हणजे लग्नाची व्हायची, हिरव्या चुड्याची ती सवाशीण, पांढऱ्या लुगड्यातली विधवा. आपल्या आज्ज्या-पणज्यांनी हे सगळं सोसलंय. ती काय करते, हे सांगणारं कापड तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. तिथं शिकवायला जाताना सावित्रीबाई फुले सोबत दुसरं लुगडं घेऊन जायच्या, कारण वाटेत लोक शेण आणि चिखल फेकायचे. बाईच्या शिक्षणाचा पहिला गणवेश मी त्या दुसऱ्या लुगड्यालाच म्हणते. पुढं शाळाशाळांतून निळा स्कर्ट नि पांढरा ब्लाउज आला, तेव्हा रस्त्यावरच्या माणसाला नुसत्या कापडावरून कळायला लागलं, की ही पोर शिकते. ती कोणाची लेक, कोणाची सून, हे नंतर.

निपाणीत तर याला आणखी अर्थ होता. हे तंबाखूचं गाव. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या कष्टावर इथली कितीतरी घरं चालली. पोरी शाळेतून आल्या की आईच्या हाताखाली बसायच्या. माझ्या वर्गात अशा मुली होत्या. त्यातल्या एकीकडं गणवेशाचा एकच जोड होता. तिची आई तो रोज संध्याकाळी धुवायची, नीळ घालायची आणि सुपापासून लांब वाळत टाकायची. सकाळी तांब्यात निखारे घालून इस्त्री. माझ्या आईला ती म्हणायची, "वैनी, घरात समद्याला तंबाकूचा वास लागलाय. एवढ्याला तेवढा लागाय नको बघा." प्रार्थनेला ती पोर ताठ उभी राहायची. त्या ताठपणात तिच्या आईचा वाटा मोठा होता, हे मला आज कळतं.

पण कापड सारखं झालं म्हणून मन सारखं होतं असं नाही. याचा दाखला आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन घरात १८८७ साली जन्मले. शिकायला कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. शाहू महाराजांच्या काळात तिथं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं. त्यांनी साफ नकार दिला आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावं लागलं.

त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. समवस्त्र म्हणतात ते हे. शाळेत एक कापड घालायचं आणि घरी येऊन आंघोळ करायची, याला समवस्त्र म्हणत नाहीत.

दूरचं एक उदाहरण सांगते. लंडनमध्ये १५५२ साली गरीब, अनाथ मुलांसाठी 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' नावाची शाळा निघाली. त्या मुलांना लांब निळे कोट दिले. तो कोट म्हणजे धर्मादायाची खूण. बघितलं की कळावं, हे दानावर जगणारं पोर. ती शाळा अजून चालू आहे, कोटही तसाच आहे. पण आता फी भरणाऱ्यांची मुलंही तोच घालतात आणि मिरवतात. कोट बदलला नाही; तो कोणी कोणी घालायचा, ते बदललं.

आता आपल्याकडं बघू. जून उजाडला की आपल्या महिला मंडळांचे गणवेश वाटपाचे कार्यक्रम होतात. हेतू चांगला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलीला स्टेजवर बोलवायचं, तिच्या हातात कापड द्यायचं, चार जणींनी त्याला हात लावायचा आणि फोटो काढायचा, हे बघितलं की मला तो निळा कोट आठवतो. ते कापड अंगावर चढायच्या आधीच आपण त्याच्यावर आपलं नाव घातलेलं असतं. मग सगळ्यांत सारखं दिसण्यासाठी मिळालेला गणवेश घालूनही ती पोर वेगळीच दिसते.

आपल्यात दानाचे चार प्रकार सांगितलेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. गणवेश देणं हे शास्त्रदान, म्हणजे शिक्षणाला हातभार, असं आपण समजतो. मला तर ते आधी अभयदान वाटतं. आपल्याला कोणी ओळखून बोट दाखवणार नाही, ही निर्धास्ती त्या पोरीला मिळायला हवी. त्याला फार काही लागत नाही. बाईंकडून गुपचूप मापं घ्यावीत, कापड शाळेतच पोचवावं, जून सुरू व्हायच्या आधी द्यावं. कोणाला दिलं हे मंडळाच्या बैठकीतही सांगू नये. फोटो काढायचाच तर सगळ्या वर्गाचा काढावा, त्यात आपल्या घरच्या मुलीही बसलेल्या असाव्यात. त्यातली कोणती कोणाची, हे बघणाऱ्याला ओळखता येऊ नये.