मस्टर रद्दी नव्हे, पुरावा

सरकारी दफ्तर जपायचे ते इतिहास संशोधकांसाठी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार आणि पुण्याचे पेशवे दफ्तर सांभाळले की झाले. कचेऱ्यांतले कालपरवाचे गठ्ठे रद्दीत गेले तरी बिघडत नाही, असे सुशिक्षितही म्हणतात. हे मत खोडायला मुंबईच्या गिरणगावापलीकडे, परळ-लालबागच्या पलीकडे जायला नको.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. पुढे तीस वर्षांनी, जून 2012 मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. घर मिळण्यासाठी, 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीत कामावर होता, हे त्याने किंवा वारसांनी सिद्ध करायचे होते. त्यासाठी तिकीट नंबर, मस्टर म्हणजे हजेरीपट, रजेचे रजिस्टर, भविष्यनिर्वाह फंडाचा क्रमांक, पगाराची पावती असले कागद लागत. ज्या मस्टरमध्ये इतिहासकाराला एरवी काही दिसले नसते, त्यातल्या एका ओळीवर कोकणातून, घाटावरून आलेल्या कुटुंबाचा मुंबईतला हक्क टिकून होता.

सगळेच कागद ठेवायला जागा कुठून आणायची, हा आक्षेप रास्त आहे. निवड हा तर अभिलेखपालाच्या कामाचा गाभाच. पण निवडीची रीत ठरलेली आहे. केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमायचा, 25 वर्षांहून जुन्या कागदांची छाननी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने करायची. नियमाबाहेर कागद नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्राच्या नियंत्रणाखालची महामंडळेही यात येतात. म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे दफ्तरही सार्वजनिकच.

खरी उणीव खासगी गिरण्यांची आहे. त्यांचे कागद अभिलेखागार देणगी म्हणून स्वीकारू शकते, विकत घेऊ शकते; मागून घेण्याची सक्ती मात्र करू शकत नाही. तरीही बंद गिरणीची जमीन विकसित करायला परवानगी सार्वजनिक यंत्रणेचीच लागते. त्या परवानगीतच मस्टर आणि सेवापुस्तके राज्य पुराभिलेखागाराकडे सोपवण्याची अट घालता आली असती. यापुढे बंद पडणाऱ्या प्रत्येक कारखान्याला ती घातलीच पाहिजे.

काय जपायचे हे ठरवताना ‘यातून इतिहास लिहिता येईल का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘यावर कोणाचा हक्क अवलंबून आहे का?’ हा प्रश्न त्याच्या आधी विचारायला हवा.