जुन्या गाडीची रेस अडकते? आधी वायर बघा

आदिलाबाद : बेला, जैनद पट्ट्यात हिरो होंडाच्या जुन्या सीडी १००, स्प्लेंडर अजून शेतावर धावतात. काळ्या मातीची धूळ आणि पावसाचं पाणी एक्सलेटरच्या वायरीत शिरतं, मूठ जड होते. जड मूठ एकवेळ चालवून घेता येते. सोडल्यावर मागे न फिरणारी मूठ मात्र जीवघेणी. चालत्या गाडीत तसं झालं तर क्लच दाबून चावी बंद करावी.

काम घरीही होतं. वायरीची दोन्ही टोकं सोडवावीत. खालचं टोक कार्बोरेटरलाच राहिलं तर सगळा मळ आत उतरतो. वरच्या तोंडातून शिलाई मशीनचं तेल थेंबथेंब सोडावं, खालून स्वच्छ तेल येईपर्यंत. वायरीत ग्रीस नकोच, त्यावर धूळ धरते. मुठीखालचा पाइप रॉकेलने पुसून तिथे मात्र ग्रीसचा हलका हात चालतो. टोकाशी एक जरी तार तुटलेली दिसली तर तेल घालण्यात अर्थ नाही, वायर बदलावी.

जोडल्यावर मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवावं. रेस वाढली तर वायर कुठेतरी ताणली जातेय. ती नीट बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.