टॅक्सिंग म्हणजे काय? आणि तेव्हा पायलटचं लक्ष कुठे हवं?
विमान स्वतःच्या इंजिनावर जमिनीवरून चालतं, त्याला टॅक्सिंग म्हणतात. सेस्ना १७२ सारखं छोटं विमान तेव्हा हाताने नाही, पायातल्या पेडलने वळतं. वेग कमी, म्हणून टॅबलेटमध्ये डोकं घालायचा मोह होतो. काही बघायचंच असेल तर आधी विमान थांबवायचं.

रनवेआधी चार पिवळ्या रेषा असतात: दोन सलग, दोन तुटक. समोर आधी सलग रेषा आल्या, की टॉवरच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही.

८ ऑक्टोबर २००१ ला इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटं सेस्ना जेट चुकीच्या टॅक्सीवेने रनवेवर पोहोचलं. टेकऑफ घेणारं प्रवासी विमान त्याला धडकलं. ११८ जणांचा जीव गेला.