प्राचीन वाङ्मयातील चटईचे गवत

पाणथळीतील गवताची चटई उत्खनकाच्या हाती सहसा लागत नाही. ती कुजून जाते. काश्मिरातील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन मृद्भांड्यांच्या तळाशी चटईचे ठसे उमटलेले आहेत. परंतु ठशावरून वीण कळते, विणणारा कळत नाही. ही उणीव वाङ्मयाने कितपत भरून निघते, हे पाहण्याजोगे आहे.

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील १३८ वे सूक्त हा पुरुषाला क्लीब करण्याचा अभिचार होय. त्याच्या अखेरच्या ऋचेत, स्त्रिया ‘कशिपु’साठी नड दगडाने फोडतात, अशी उपमा आली आहे. कशिपु म्हणजे चटई अथवा गादी. नड म्हणजे पाण्याकाठी वाढणारे, पोकळ कांडाचे गवत. सूक्तकर्त्यास विणकामाची माहिती द्यावयाची नव्हती, त्याचे लक्ष भलतीकडेच होते. आणि म्हणूनच ही साक्ष विश्वसनीय मानावी. उपमान श्रोत्यांच्या नित्य पाहण्यातले असल्यावाचून उपमा लागू पडत नाही. पोकळ कांड फोडून चपटे केल्याखेरीज ते विणीत नीट बसत नाही. कामाची ही पहिली पायरी येथे अचूक टिपली गेली आहे, आणि ती करणारा हात स्त्रीचा आहे हेही.

पुढे चटईवाचक ‘कट’ हा शब्द शास्त्रकारांच्या हाती पडला. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या महाभाष्यात चटई करणे हे कर्मकारकाचे ठराविक उदाहरण आहे. प्रशस्तपादाने समवायसंबंध समजावताना तंतू आणि पट यांच्या शेजारी वीरण आणि कट ही जोडी ठेवली. वीरण म्हणजे ओलसर नदीकाठी वाढणारे वाळ्याचे गवत. आपल्या परिचयाची असतात ती त्याची सुगंधी मुळे. पण अमरकोशात मुळांना ‘उशीर’ असे वेगळे नाव आहे. तेव्हा वीरणाचा कट हा मुळांचा नसून गवताचाच समजावा.

सातव्या शतकातील काशिकावृत्तीत मात्र चटई करणारा देवदत्त आहे. त्यावरून हा व्यवसाय पुरुषांकडे गेला, असे अनुमान काढण्याचा मोह आवरावा. देवदत्त हा वैयाकरणांचा सार्वकालिक कर्ता. तोच भात शिजवतो, तोच गावाला जातो. अशा उदाहरणांतील वस्तू आणि द्रव्य यांवर भरवसा ठेवावा, कर्त्यावर नव्हे. कर्त्याच्या शोधासाठी वैदिक वाङ्मयाकडेच परतावे लागते. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायातील व्यावसायिकांच्या यादीत ‘बिदलकारी’ हे नाम स्त्रीलिंगी आहे, आणि त्याचा अर्थ वेळू चिरणारी असा केला जातो. द्रव्य वेगळे, चिरण्याचे काम तेच.