भारतीय उपग्रह प्रक्षेपण कार्यक्रम

भारतीय उपग्रह प्रक्षेपण कार्यक्रम : कृत्रिम उपग्रह बांधणे, ते स्वदेशी यानांनी कक्षेत सोडणे आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या सेवा वापरात आणणे यांसाठी भारत सरकारने चालवलेला कार्यक्रम. त्याची जबाबदारी अवकाश विभागाच्या अखत्यारीतील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेकडे (इस्रो, स्थापना १५ ऑगस्ट १९६९, मुख्यालय बंगळुरू) आहे. यानांची आखणी तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्रात होते, उपग्रह बंगळुरूला जुळवले जातात आणि प्रक्षेपणे आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोट्याहून होतात.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी लष्करी क्षेपणास्त्रांतून प्रक्षेपक यान घडवले आणि त्यावर बसवायला उपग्रह तयार केला. भारतात क्रम उलटा पडला. दूरचित्रवाणी, हवामान, पीकपाणी, दूरध्वनी यांसाठी उपग्रह हवा, हे आधी ठरले. यान मागाहून आले, आणि बहुतेक वेळा उपग्रहाच्या गरजेपेक्षा एक पायरी मागेच राहिले. या कार्यक्रमाच्या इतिहासातील यशापयशे या अंतराच्या अंगाने पाहिली म्हणजे नीट उलगडतात.

प्रारंभ : अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली १९६२ साली विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली. चुंबकीय विषुववृत्त केरळच्या किनाऱ्यावरून जाते, म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासासाठी तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडण्यात आले. तिथल्या सेंट मेरी मॅग्डालीन चर्चची इमारत हेच पहिले कार्यालय झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला. अग्निबाण अमेरिकन होता आणि त्यातील उपकरण फ्रेंच. हे अग्निबाण वर जाऊन खाली पडणारे होते, कक्षेत काही सोडण्याची त्यांची ताकद नव्हती. पहिला भारतीय बनावटीचा रोहिणी-७५ हा अग्निबाण १९६७ साली उडाला, तो अवघ्या ७५ मिमी. व्यासाचा.

साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी निधन पावले. पुढच्या वर्षी अवकाश आयोग व अवकाश विभाग स्थापन झाले आणि सतीश धवन यांच्याकडे सूत्रे आली. साराभाईंनी दिशा आखून दिली होती; प्रकल्पप्रमुखाला पूर्ण अधिकार देणारी आणि अपयशाची चिकित्सा उघडपणे करणारी कामाची पद्धत धवन यांनी बसवली. आज इस्रोचे म्हणून जे वळण ओळखले जाते, ते धवन यांच्या काळातले आहे.

श्रीहरिकोटा : पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्या मधले हे बेट. पूर्वेकडे यान सोडले की पृथ्वीच्या परिवलनाचा सेकंदाला सुमारे ०.४५ किमी. इतका वेग आयता मिळतो, आणि सुटलेले टप्पे समुद्रात पडतात. ध्रुवीय कक्षेसाठी मात्र ही जागा अडचणीची आहे. सरळ दक्षिणेला यान सोडावे तर वाटेत श्रीलंका येते. म्हणून यान आधी आग्नेयेला नेऊन मग दक्षिणेकडे वळवावे लागते. या वळणात इंधन खर्च होते आणि वाहून नेता येणारे वजन घटते. लहान यानांना हा तोटा परवडत नाही, त्यामुळे तमिळनाडूच्या टोकाजवळ कुलशेखरपट्टिनम येथे दुसरा तळ उभारण्याचे काम २०२४ साली सुरू झाले. श्रीहरिकोट्याच्या केंद्राला २००२ साली सतीश धवन यांचे नाव देण्यात आले. फेब्रुवारी २००४ मध्ये तिथल्या घन इंधनाच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात सहा जण दगावले. प्रक्षेपणांच्या यादीत ही घटना सापडत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवली आहे.

परक्या यानांवरचे उपग्रह : पहिला भारतीय उपग्रह आर्यभट (३६० किग्रॅ.) बंगळुरूजवळच्या पीण्या येथील औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये बांधला गेला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून सोव्हिएत यानाने कक्षेत गेला. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे काही दिवसांतच त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले, पण उपग्रह बांधता येतो हे सिद्ध झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शिक्षण व शेतीचे कार्यक्रम थेट दाखवण्यात आले. स्वतःचे यान नसताना आणि स्वतःचा दळणवळण उपग्रह नसताना केलेला हा प्रयोग धाडसी होता. पुढच्या इन्सॅट मालिकेचे समर्थन त्यातूनच उभे राहिले.

ॲपल हा प्रायोगिक दळणवळण उपग्रह १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियान यानाने गेला. तो बैलगाडीवर ठेवल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे आणि ते बहुधा गरिबीचे प्रतीक म्हणून छापले जाते. वस्तुतः ॲन्टेनाची चाचणी घेताना आसपास धातू नको होता. लाकडी बैलगाडी हा त्यावरचा स्वस्त आणि शास्त्रशुद्ध उपाय होता.

इन्सॅट-१ मालिकेचे चारही उपग्रह अमेरिकेतील फोर्ड एरोस्पेस कंपनीने बांधले आणि परक्या यानांनीच वर गेले. पहिला (१९८२) काही महिन्यांतच निकामी झाला. दुसरा ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर या अवकाशयानातून सोडला गेला आणि त्याने दूरदर्शनचे जाळे देशभर पसरवले. तिसराही अमेरिकेच्या अवकाशयानातूनच न्यायचा, सोबत एक भारतीय अंतराळवीर पाठवायचा, असे ठरले होते. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरचा स्फोट झाला आणि बेत बारगळला. उपग्रह अखेर १९८८ साली एरियानने गेला, अंतराळवीर गेला नाही. उसन्या वाहनावर विसंबण्याची किंमत या मालिकेने पुरेपूर दाखवली. दूरसंवेदनाचीही तीच कथा : आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोव्हिएत यानाने गेला.

एसएलव्ही-३ आणि एएसएलव्ही : पहिले स्वदेशी उपग्रह प्रक्षेपक यान एसएलव्ही-३ हे २२ मी. उंच, १७ टन वजनाचे, चारही टप्पे घन इंधनाचे. प्रकल्पप्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम. १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील गळतीमुळे बंगालच्या उपसागरात संपले. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या उड्डाणाने ३५ किग्रॅ. वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. त्या वेळी तिरुवनंतपुरमच्या केंद्राचे संचालक पुण्याचे वसंत गोवारीकर होते. घन इंधनाची विद्या देशात रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पुढची पायरी एएसएलव्ही. तिची पहिली दोन उड्डाणे (१९८७, १९८८) फसली. एकदा बाजूच्या मोटारी जळून संपल्यावर मुख्य टप्पा पेटलाच नाही, दुसऱ्यांदा दाट वातावरणातून जाताना नियंत्रण सुटले. १९९२ आणि १९९४ ची उड्डाणे साधली तेव्हा हे यान कालबाह्य होऊ लागले होते. १५० किग्रॅ. वाहून नेणाऱ्या यानाला व्यवहारात उपयोग नव्हता, तरी पीएसएलव्हीला लागणारे नियंत्रणाचे ज्ञान याच अपयशांतून आले.

पीएसएलव्ही : उपग्रह आणि यान यांतील अंतर पहिल्यांदा भरून काढले ते ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपक यानाने. उंची सुमारे ४४ मी.; मोठ्या आवृत्तीचे वजन ३२० टन. पहिला व तिसरा टप्पा घन इंधनाचा, दुसरा व चौथा द्रव इंधनाचा. दुसऱ्या टप्प्यातील ‘विकास’ इंजिन फ्रान्सच्या ‘वायकिंग’ इंजिनावरून घडवले आहे. भारतीय अभियंत्यांनी फ्रान्समध्ये त्या इंजिनावर काम करावे आणि बदल्यात तंत्र घ्यावे, असा १९७४ चा करार होता. इतका किफायतशीर सौदा कार्यक्रमाच्या इतिहासात दुसरा नाही. विकास इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात यानांच्या मोटारींची कवचे तयार होतात.

२० सप्टेंबर १९९३ चे पहिले उड्डाण टप्पे अलग होतानाचा हिसका आणि संगणकाच्या आज्ञावलीतील चूक यांमुळे फसले. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी दुसरे यशस्वी झाले. त्या वर्षीपासून १९९९ पर्यंत विक्रम साराभाई केंद्राचे संचालक प्रमोद काळे होते. तेही मूळचे पुण्याचे आणि थुंब्याच्या पहिल्या तुकडीतले. मे १९९९ मध्ये या यानाने ओशनसॅटसोबत कोरिया व जर्मनीचे लहान उपग्रह नेले आणि प्रक्षेपण हा विकाऊ व्यवसाय झाला.

१५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच यानाने १०४ उपग्रह सोडले, त्यांपैकी १०१ परदेशी. हा विक्रम खूप गाजला. परंतु त्यांतले ८८ एकाच अमेरिकन कंपनीचे, प्रत्येकी पाचेक किलोचे होते आणि सगळ्यांचे मिळून वजन १,३७८ किग्रॅ. भरले. एकमेकांवर न आदळू देता ते सोडणे ही कसोटी होती, ताकदीची नव्हे. या यानाची खरी शर्थ मंगळयानात (५ नोव्हेंबर २०१३) दिसते. मंगळाकडे थेट फेकण्याइतके बळ पीएसएलव्हीत नाही आणि जास्त ताकदीचे जीएसएलव्ही तेव्हा भरवशाचे नव्हते. म्हणून यानाला आधी पृथ्वीभोवतीच लांबट कक्षेत सोडून, स्वतःच्या इंजिनाने कक्षा वाढवत नेऊन महिनाअखेरीस मंगळाच्या वाटेला लावले. चंद्रयान-१ (२२ ऑक्टोबर २००८) आणि आदित्य-एल१ (२ सप्टेंबर २०२३) हीदेखील याच यानाने गेली. विद्यार्थ्यांनी बांधलेले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे उपग्रह २०१६ साली त्यानेच कक्षेत नेले.

 पीएसएलव्हीच्या अपयशांत ऑगस्ट २०१७ (उष्णतारोधक कवच उघडलेच नाही, उपग्रह आतच अडकला) आणि १८ मे २०२५ (तिसऱ्या टप्प्यात बिघाड) ही ठळक.

जीएसएलव्ही व क्रायोजेनिक इंजिन : भूस्थिर कक्षा सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असते. तिथे दोन टनांचा उपग्रह पोहोचवायचा तर शेवटच्या टप्प्यात द्रव हायड्रोजन (−२५३° से.) आणि द्रव ऑक्सिजन (−१८३° से.) जाळणारे क्रायोजेनिक इंजिन लागते. ते रशियाकडून तंत्रज्ञानासह घेण्याचा करार १९९१ साली झाला. अमेरिकेने क्षेपणास्त्र-प्रसाराचे कारण पुढे करून १९९२ मध्ये निर्बंध घातले आणि पुढच्या वर्षी रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारून फक्त तयार टप्पे दिले. द्रव हायड्रोजनाचे इंजिन भरायला व थंड करायला बराच वेळ लागतो, त्यामुळे क्षेपणास्त्राला ते गैरसोयीचेच असते. तेव्हा या निर्बंधांमागे व्यापारी हेतू होता, हा भारतीय शास्त्रज्ञांचा आक्षेप बिनबुडाचा म्हणता येत नाही.

रशियन टप्पा बसवलेले पहिले जीएसएलव्ही १८ एप्रिल २००१ रोजी उडाले, पण उपग्रह ठरलेल्या कक्षेपर्यंत पोहोचला नाही. १५ एप्रिल २०१० ला स्वदेशी इंजिनाचे पहिले उड्डाण फसले, त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला रशियन टप्प्याचेही. ऑगस्ट २०१३ मध्ये उड्डाणाच्या काही वेळ आधी दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळू लागले आणि उलटगणती थांबवावी लागली. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याने जीसॅट-१४ कक्षेत ठेवला. नकारानंतर वीस वर्षे लागली. त्या काळात भारताचे जड दळणवळण उपग्रह भाडे मोजून एरियानवरून जात राहिले. ३० जुलै २०२५ रोजी नासा व इस्रो यांचा संयुक्त निसार उपग्रह जीएसएलव्हीनेच गेला.

एलव्हीएम-३ आणि सद्यःस्थिती : ६४० टन वजनाचे एलव्हीएम-३ हे सर्वांत शक्तिमान भारतीय यान. त्याने ५ जून २०१७ रोजी ३,१३६ किग्रॅ.चा जीसॅट-१९ नेला, १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ रवाना केले (चंद्रावर अवतरण २३ ऑगस्ट), आणि २०२२-२३ मध्ये वनवेब कंपनीचे ७२ उपग्रह दोन खेपांत सोडले. गगनयान या समानव मोहिमेसाठीही हेच यान निवडले आहे. लहान उपग्रहांसाठीचे एसएसएलव्ही ऑगस्ट २०२२ मध्ये फसले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये यशस्वी झाले. २०२० पासून खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले आहे; व्यापारी व्यवहार न्यूस्पेस इंडिया ही सरकारी कंपनी पाहते.

अंतर मात्र अजून पुरते मिटलेले नाही. ५,८५४ किग्रॅ.चा जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये एरियानने गेला आणि ४,७०० किग्रॅ.चा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फाल्कन-९ ने. श्रीहरिकोट्याहून सुटलेला ६,१०० किग्रॅ.चा ब्लूबर्ड (२४ डिसेंबर २०२५) याहून जड असला तरी तो पृथ्वीनिकटच्या कक्षेतला आणि अमेरिकन कंपनीचा. भूस्थिर कक्षेच्या मार्गावर एलव्हीएम-३ ने नेलेले सर्वाधिक वजन सुमारे ४,४०० किग्रॅ. (सीएमएस-०३, २ नोव्हेंबर २०२५) आहे. पृथ्वीनिकट कक्षेत ३० टन नेऊ शकेल अशा पुढच्या पिढीच्या यानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि त्यासाठी श्रीहरिकोट्यात तिसरा प्रक्षेपणमंच बांधण्यास जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली.